छपरावरच्या नळ्या

आमच्या कोल्टर गावात माझा आवाज सगळ्यात मोठा. अडतीस वर्षं शाळेत शिकवल्यावर कोणाचाही होतो. अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलंय, त्यामुळे पन्नाशी उलटलेले बाप्येसुद्धा मला ‘बाई’ म्हणतात आणि मी दुकानात शिरले की टोपी काढतात. हे मला आवडायचं. आवडायचं नाही असं कशाला सांगू?

गोष्ट आहे आमच्या संगमरवरी घराची. दफनभूमीच्या टेकडीवर, फाटकातून आत शिरलं की सरळ वर. बाहेरून इंडियानाचा फिकट चुनखडी दगड, दाराशी दोन जाडजूड खांब, वर काही नक्षी नाही, नुसती सरळ रेघ. पितळी दारं इतकी जड की लहान मुलाने दोन्ही हातांनी लोटली तरी हलायची नाहीत. आत एकच लांब मार्गिका, आणि तिच्या दोन्ही अंगांना जमिनीपासून छतापर्यंत कप्पे, एकावर एक पाच. प्रत्येक कप्प्यात शवपेटीतलं एक माणूस. कप्प्याच्या तोंडाला संगमरवराची फळी, चार कोपऱ्यांना चार पितळी फुलं, फळीवर नाव. फळ्या बसवणाऱ्याने दगडाच्या शिरा अशा जुळवल्या होत्या की शेजारशेजारच्या दोन फळ्या म्हणजे उघडलेलं पुस्तक वाटावं. छताच्या मधोमध मधाच्या रंगाची काच होती. तिच्यातून उतरणारा उजेड आजारी माणसाच्या तोंडावरही तजेला आणायचा.

सन एकोणीसशे बारामध्ये ते बांधलं. त्या काळी ओहायोभर, इंडियानाभर असली घरं उठत होती. राजेरजवाड्यांनी एकट्यासाठी बांधायची ती वास्तू गावाने मिळून बांधायची, अशी ती कल्पना. विकायला आलेल्या माणसाने कप्प्यांच्या रांगांना नावंसुद्धा ठेवली होती. गुडघे टेकले की समोर येते ती प्रार्थनेची रांग, तिच्यावर हृदयाची, मग नजरेची, आणि सगळ्यात वरची स्वर्गाची. तळाच्या रांगेला मात्र काही नाव नव्हतं. नजरेच्या रांगेसाठी झुंबड उडाली, स्वर्गात जायला कोणी तयार होईना. तिथे फुलं वाहायला शिडी लागते ना.

माझी आई ओटिली हिने नजरेच्या रांगेतले दोन कप्पे घेतले. डावीकडे, बरोब्बर काचेखाली. एक तिचा, एक माझा.

आई मिरवायला गेली नव्हती तिथे. मला एक धाकटा भाऊ होता, लुडी. सहा वर्षांचा असताना घटसर्पाने गेला. त्याला खालच्या जुन्या भागात, ओढ्याच्या अंगाला पुरायचं ठरलं. मार्च महिना, नुकतं बर्फ वितळलेलं. पेटी खाली सोडली तर खड्ड्यात गुडघाभर पाणी, आणि पेटी तरंगायला लागली. दोन माणसांनी वाशांनी ती खाली दाबून धरली आणि तिसऱ्याने वरून माती लोटली. आई तिथेच उभी होती. मी तिचा हात धरला होता. त्या दिवसापासून आईने एकच धोशा लावला, मला पाण्यात ठेवू नका. जेवताना, कपडे वाळत घालताना, कधीही मधेच म्हणायची. पाहुण्यांना विचित्र वाटायचं, मला नाही.

चर्चच्या तळघरात घराचा नकाशा दाखवायला माणूस आला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. नकाशा सारखा गुंडाळला जायचा म्हणून त्याचा एक कोपरा मी दाबून धरला होता. लोक खांब किती उंच, काच कुठली ते विचारत होते. आईने विचारलं, पाण्याचं काय. त्या माणसाने पेन्सिलीने दाखवलं. प्रत्येक कप्प्याच्या मागून भिंतीतून एक नळी वर जाणार, छपराच्या बाहेर दीड हात निघणार, तिच्या डोक्यावर पत्र्याची टोपी. आतली दमट हवा तिथून निघून जाते. पाऊस टोपीवरून ओघळतो आणि छपरावर पडतो, नळीत शिरत नाही. “बाईसाहेब, तुमचा कप्पा श्वास घेईल,” तो म्हणाला. आई त्याच क्षणी सही करायला उठली.

हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की मला, हुल्डाला, नळ्यांचं काय ते ठाऊक नव्हतं. पक्कं ठाऊक होतं.

आई एकतीस साली गेली. जाण्याआधी तीन दिवस तिने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. मी तिला शब्द दिला, “आई, तू कोरडी राहशील.” मग दर रविवारी प्रार्थना झाली की मी टेकडी चढायचे, तिच्या फळीवरची धूळ पुसायचे आणि आठवड्यात कोणी काय मूर्खपणा केला ते तिला सांगायचे. लग्न केलं नव्हतं मी. सांगायला दुसरं कोण होतं?

आता सदतीस साल. घराला पंचवीस वर्षं झाली. मे महिन्याच्या अखेरीस थडग्यांवर फुलं वाहायचा दिवस असतो, त्या दिवसाची महिलांची समिती होती आणि तिची अध्यक्ष मीच. दुसरी कोण असणार? समितीत आम्ही पाचजणी. त्या वर्षी शेजारच्या ॲश रिजचे लोक बँड घेऊन आले होते. अंगणभर लोक, बरण्यांमधून गुलाबी पिओनीची फुलं, टेबलांवर आंबट रुबार्ब घातलेले केक. आणि ॲश रिजचा एक दीडशहाणा खाली रस्त्यावर उभा राहून छपराकडे बघत म्हणाला, “तुमच्याकडे मेलेलेसुद्धा सकाळची कॉफी करतात वाटतं. केवढी ती धुराडी.”

अख्खा बँड हसला. त्याचं काही नाही. आमचेही लोक हसले. समितीतली ग्रेटा हफ तर पोट धरून हसली.

रस्त्यावरून बघितलं तर त्याचं खोटं नव्हतं. समोर ते दोन खांब, ती सरळ रेघ, आणि तिच्या डोक्यावर एकशेवीस नळ्या, गंजक्या टोप्या घालून दाटीवाटीने उभ्या. वारा सुटला की शिट्ट्या मारायच्या. पंचवीस वर्षं कोणाला दिसल्या नव्हत्या, त्या दिवसापासून दुसरं काही दिसेना. मला तर रात्रंदिवस ते हसूच ऐकू येत होतं. पुढच्याच बैठकीत मी ठराव मांडला, नळ्या छपरापर्यंत कापून सिमेंटने बुजवाव्यात. पाचहीजणींनी हात वर केले. इतिवृत्त मीच लिहिलं. गावात सगळ्यात चांगलं अक्षर माझं.

आणि आईचं काय? विचार केला होता मी. मनाशी म्हटलं, सहा वर्षं झाली, वाळायचं ते एव्हाना वाळलं असेल. आता नळी असली काय, नसली काय.

दफनभूमीची राखण एमिल झुककडे होती. खड्डे खणायचे, गवत कापायचं, दारं उघडायची, छपराला डांबर लावायचं, सगळं तोच. शाळेत तो माझ्याच बाकावर बसायचा, माझी पाटी बघून गणितं उतरवायचा. कमी बोलणारा, आणि बोललाच तर पायाकडे बघून. त्याची बायको मिना चौतीस साली गेली. ती घरात सगळ्यात मागे, अवजारांच्या खोलीशेजारी, स्वर्गाच्या रांगेत.

ठराव सांगितल्यावर त्याने छपराकडे बघितलं. मग म्हणाला, “हुल्डा, सपाट नको कापू या. वीतभर तरी ठेवू. सपाट छपरावर पाणी साचतं. नळी वर उभी आहे तोवर ती नळी. छपराबरोबर आणली की ते मोरीचं भोक होणार.”

“म्हणून तर सिमेंट भरायचं आहे.”

“सिमेंट थंडीत आकसतं.”

मी म्हटलं, वीतभर ठेवली तरी रस्त्यावरून दिसणारच. तो दोन पावलं गेला आणि परत आला.

“तुझ्या आईची तरी ठेवू का? आहे मधोमध, पण मी टोपी काढून नुसती—”

आणि मी काय म्हणाले ते अक्षर न् अक्षर आठवतंय मला. मी म्हणाले, “एमिल, सगळ्यांच्या म्हणजे सगळ्यांच्या. माझ्या आईसाठी वेगळा कायदा नको.” किती बरं वाटलं मला ते बोलताना. शाळेत स्वतःच्या भाचीला नापास केलं होतं तेव्हा वाटलं होतं, अगदी तसंच.

जूनमध्ये नळ्या गेल्या. पुढच्या वर्षी ॲश रिजवाले आले आणि वर बघून काही बोलले नाहीत. मला वाटलं, जिंकलो.

मग वर्षं गेली. छताला पिवळे डाग पडले. मधाच्या काचेभोवतीचा गिलावा फुगला. दहा-पंधरा वर्षांत भिंतींच्या सांध्यांतून काळपट ओघळ उतरले आणि हिवाळ्यात मार्गिकेत बर्फाचा पापुद्रा धरायला लागला. मी दर रविवारी जात होते, डोळ्यांनी बघत होते, आणि दोष द्यायला माणूसही शोधून ठेवला होता. ऑर्विल टिप्टन. गावच्या कारभाऱ्यांतला मुख्य, आणि माझाच विद्यार्थी. भागाकार कधी जमला नाही त्याला. छपराला वेळेवर डांबर लावत नाही, एमिलला सामान देत नाही, म्हणून घर गळतं, असं मी त्याला चर्चच्या पायऱ्यांवर, किराणा दुकानात, त्याच्या लेकीच्या लग्नातसुद्धा सुनावलं. तो टोपी हातात धरून ऐकून घ्यायचा.

एकसष्ट साली ऑर्विलने प्रस्ताव आणला, घर पाडायचं. भिंती आतून कुजल्यात, दुरुस्तीपलीकडे गेलंय. सगळ्यांना बाहेर काढून टेकडीच्या पलीकडच्या उतारावर जमिनीत पुरायचं.

जमिनीत. आईचा हात मनगटावर पुन्हा जाणवायला लागला, खरंच सांगते, रोज. सहासष्ट वर्षांची मी, काठी टेकत घरोघर फिरले आणि दोनशे सह्या गोळा केल्या. घर डागडुजी करून ठेवा, ऑर्विलला काढा. माझं म्हणणं साधं होतं. छत गळतंय, मार्गिका ओली आहे, मान्य. पण प्रत्येक कप्पा ही वेगळी, बंद, काँक्रीटची पेटी आहे. आतले लोक कोरडे आहेत. छपराला नीट डांबर लावा, संपलं.

सभा भरली तिला कोलंबसहून एक सरकारी तपासनीस आला होता. तरुण, गळ्यात टाय, वहीत सारखं काहीतरी टिपणारा. ऑर्विल म्हणाला, “बाई, कप्प्यांत आत काय आहे ते कोणालाच माहीत नाही. न विचारता उघडायचा कोणाचा?”

मी उठून उभी राहिले. “माझा उघडा. रिकामा आहे. उद्या सकाळी, सगळ्यांसमोर. कोरडा निघाला तर घर राहील आणि तू राजीनामा देशील.”

“आणि ओला निघाला तर?”

“तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एमिल मागच्या बाकावर होता. त्याने मान खाली घातली. मला वाटलं, म्हातारा पेंगतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसेक माणसं जमली होती. ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन, काचेतून पडलेला तो मधाचा उजेड. आईची फळी, आणि शेजारी माझी. माझ्या फळीवर नाव कोरलेलं, जन्मसाल कोरलेलं, पुढे एक रेघ आणि मोकळी जागा. मी नवे बूट घातले होते आणि बरोब्बर समोर उभी होते. कोणाला मागे लपून बघणारी वाटायला नको म्हणून.

एमिलने चार पितळी फुलं काढली. ऑर्विलने आणि त्याने फळी उतरवून भिंतीला टेकवली. आत काँक्रीटचं झाकण होतं, कडांना चुना. एमिल छिन्नी लावून थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “हुल्डा, जरा बाजूला हो.”

“मी ठीक आहे इथे,” मी म्हणाले.

त्याने खालच्या कोपऱ्यावर एक घाव घातला. आधी चुन्याची एक कपची उडाली, मग बोटाएवढी धार लागली, आणि मग झाकणाचा तुकडाच निसटला आणि सगळं पाणी माझ्यावर आलं. छातीपासून खाली. थंडगार. गाळ नाही, घाण नाही, विहिरीसारखं नितळ. आत कोणी नव्हतंच, मग घाण कुठली. दोन-तीन मिनिटं ते वाहत होतं. माझे बूट, ऑर्विलचे बूट, तपासनिसाची वही. लोक मागे सरकले. मी आईच्या फळीकडे बघत होते. तिच्या आणि माझ्या कप्प्यात चार बोटांची भिंत आहे.

तपासनीस शिडी लावून छपरावर गेला, एमिल त्याच्या मागोमाग. बराच वेळ वरून पावलांचे आवाज येत होते. कोणीतरी मला एक कोट पांघरायला दिला. खाली आला तेव्हा तपासनिसाच्या हातात सिमेंटचा एक गोळा होता. हाताने ओढला तर निघून आला म्हणाला. बाजूने सगळीकडे करंगळी जाईल एवढी फट. छपरावर असली एकशेएकोणीस भोकं आहेत, वर साचलेलं सगळं पाणी त्यांतून थेट कप्प्यांत उतरतंय, डांबराचा याच्याशी काही संबंध नाही, कितीही लावलं असतं तरी असंच झालं असतं.

“या नळ्या एके काळी वर उभ्या होत्या. कोणी कापल्या?”

“मी,” एमिल म्हणाला.

“कशासाठी?”

एमिल आपल्या बुटांकडे बघत राहिला. मी तिथे होते. सात-आठ पावलांवर. ग्रेटा हफ माझ्या शेजारी होती. समितीतल्या बाकीच्या तिघी केव्हाच गेल्या होत्या, याच घरात होत्या, त्यांच्याच कप्प्यांत. तपासनीस वाट बघत होता. मी तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. माझे दात वाजत होते. थंडीने वाजत होते असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तपासनिसाने पुढचा प्रश्न विचारला. “एक तेवढी उभी आहे. मागच्या बाजूला, अवजारांच्या खोलीच्या धुराड्याच्या आड. टोपीसकट, रंग दिलेली. ती कोणाची?”

“माझ्या बायकोची,” एमिल म्हणाला.

त्याच्या परवानगीनेच मिनाचा कप्पा उघडला. शिडीवर उभं राहून त्याने स्वतः झाकण काढलं, विजेरी आत धरली आणि तपासनिसाला जागा करून दिली. तपासनीस वरून म्हणाला, “अगदी कोरडं. पेटीवरचं कापडसुद्धा जसंच्या तसं.”

मग ग्रेटा बोलली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. “स्वतःच्या बायकोची तेवढी ठेवली. आणि आमच्या माणसांना बुडवलं.”

ठरावाला हात वर केला होता हिने. सगळ्यात आधी. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघींनी नजर फिरवली. त्यानंतर सगळेच बोलायला लागले. कोणी म्हणालं, चोरासारखा धुराड्यामागे लपवून ठेवली. कोणी विचारलं, चोवीस वर्षं आम्ही याला नाताळात केक पाठवत होतो का? एकजण अंगावर धावून गेला, ऑर्विल मधे पडला. एमिल शिडीवर तसाच उभा होता, एक हात बायकोच्या कप्प्याच्या कडेवर ठेवून.

महिन्याभरात त्याचं काम काढून घेतलं. पाडायचा ठराव एकमताने झाला. मी गेले नाही सभेला. लोक म्हणाले, बाईंना फार लागलंय, त्यांच्या आईचं असं झालं. घरी सूप आणून द्यायचे. मी ते प्यायचे.

कप्पे रिकामे करायला बाहेरून माणसं आणली होती. आईच्या वेळी मात्र एमिल आला. कोणी बोलावलं नव्हतं त्याला. कारभाऱ्यांची माणसं त्याला हाकलणार होती, मी म्हटलं, राहू द्या. एवढं तरी म्हटलं. मी बाहेर पायरीवर बसले होते. त्याने काय बघितलं ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. दोन दिवसांनी त्याने माझ्या दारात एक पुडकं आणून ठेवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला आईचा शिंगाचा कंगवा, तिच्याबरोबर ठेवला होता तो. चुलीजवळ ठेवून वाळवलेला होता. वर्तमानपत्रालासुद्धा ओल लागली नव्हती.

खड्डाही त्यानेच खणला. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर, फुकट, सत्तराव्या... नाही, सहासष्टचाच तो, माझ्याएवढाच. म्हातारा दिसायचा म्हणून मी नेहमी चुकते. मी काठी टेकत तिथे गेले तेव्हा तो कमरेइतका आत होता. वाळूमिश्रित पिवळी माती, भुसभुशीत. तळाला त्याने हातभर खडी पसरली होती आणि खडीवर ओकच्या फळ्या. त्याने एक मूठ माती उचलून माझ्या तळहातावर ठेवली. बोटांतून गळून गेली ती. पिठासारखी कोरडी होती.

“इथे पाणी कधीच लागत नाही,” तो म्हणाला. “टेकडीवर कुठेच नाही लागत. ते फक्त खाली, ओढ्याशी.”

म्हणजे एकतीस साली आईला इथे साध्या मातीत ठेवलं असतं, तरी ती कोरडी राहिली असती. मी काठी दोन्ही हातांनी धरली.

मग मी विचारलं. आजूबाजूला कोणी नव्हतं म्हणून विचारलं. “एमिल, तू सांगितलं का नाहीस? नळ्या मीच कापायला लावल्या, हे. ठराव होता. माझ्या अक्षरात आहे तो.”

त्याने फावडं खडीत रोवलं. पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं.

“तू सांगशील म्हणून थांबलो होतो,” तो म्हणाला. “अजून थांबलोय.”

आणि वाकून फळ्या सारख्या करायला लागला.

आईला आम्ही गुरुवारी पुरलं. पाद्री, ऑर्विल, ग्रेटा, मी, गावातली चार माणसं, आणि दूर कुंपणाशी एमिल. ग्रेटा माझा दंड धरून उभी होती. ती चार माणसं एमिलकडे पाठ करून उभी राहिली. त्याच दिवशी सांगता आलं असतं. पुढच्या रविवारी चर्चमध्ये सांगता आलं असतं. मी मनात वाक्य तयारही केलं होतं, व्याकरण तपासून ठेवलं होतं. मग नाताळ आला, मग बर्फ पडलं. फेब्रुवारीत एमिल त्याच्या स्वयंपाकघरात मेलेला सापडला. त्याला मिनाशेजारी पुरलं. पेटी उचलायला सहा माणसं लागतात. चारच आली, त्यांतला एक ऑर्विल.

घर पाडलं तिथे आता हिरवळ आहे आणि मधे एक दगड. त्याच्यावर काय कोरायचं हे ठरवायचं काम गावाने माझ्याकडे दिलं. शब्द बाईंचे, म्हणाले, बाईंसारखं कोणाला लिहिता येतं? चार मसुदे केले मी. पहिल्या तिन्हींत एमिलचं नाव होतं आणि माझं होतं. ते तिन्ही ठरावाच्या वहीत, त्याच पानात घालून ठेवले आहेत. वही कपाटात आहे, कपाटाची किल्ली माझ्याकडे.

चौथा दगडावर आहे. येता-जाता मुलं तो मोठ्याने वाचतात, आणि मी जवळ असले तर उच्चार सुधारून देते. ‘येथे १९१२ पासून कोल्टर गावाचे समाधिगृह होते. काळाच्या ओघात ते जीर्ण झाले.’